पक्कं केलं होतं की नाही

यंदाच्या भाद्रपदापर्यंत जोतीराम सलगर सकाळी कामाला निघायचा तो तीनदा. गाडीला किक मारायचा, बंद करायचा, जिना चढून वर यायचा आणि गॅसचं बटण बघायचा. खाली जाऊन पुन्हा वर, आता पाण्याच्या मोटारीसाठी. तिसऱ्यांदा कशासाठी ते त्याला स्वतःलाही सांगता येत नसे. घरात बायको धडधाकट उभी असताना हा माणूस बटणं तपासत फिरतो म्हटल्यावर प्रेमलाला राग यायला हवा होता. पण ती शेजारणीला हसून सांगायची, "आमच्या ह्यांचं घोडं उंबऱ्यातच पेंड खातंय."

हा आजार जन्माचा नव्हे. तीन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला तो जडला आणि यंदा एका सोमवारी दुपारी, चहा यायच्या आत, गेला. मधल्या काळात जोतीरामनं तो कुणाला दाखवला नाही. दाखवण्यासारखा नव्हताच. आपल्या हातून एका माणसाचं काळीज अधू झालं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

जोतीराम मूळचा जेऊरचा. शेती भावाकडे राहिली, हा आयटीआय करून सोलापुरात आला आणि एका जुन्या धर्मादाय मंडळाच्या दवाखान्यात वायरमन म्हणून चिकटला. मंडळानं पुढं तालुक्यांच्या गावांतून नऊ उपकेंद्रं काढली. एक जेऊरला, एक वेळापूरला, एक वळसंगला, अशी. तिथं कॉम्प्युटर आले, त्यांच्यामागून केबली आल्या, आणि केबली जिथं जाऊन मिळतात ते राउटरही आले. जोतीराम त्यांना डबा म्हणायचा. डबे सांभाळायला म्हणून डिग्रीवाले इंजिनीयर येत, सहा महिन्यांनी पुण्याला पळत. जोतीराम मागं राहिला, बघत बघत शिकला आणि एके दिवशी मंडळाच्या लक्षात आलं की नऊही डब्यांची नाडी याच माणसाला कळते. तेव्हापासून त्याच्या हातातला टेस्टर गेला आणि लॅपटॉप आला. खिशातली चिकटपट्टी मात्र आजही तिथंच आहे.

डब्याचं काम दिसायला सोपं. माहिती छोट्या छोट्या पाकिटांतून वाहते. आलेलं पाकीट उघडं न करता पुढं धाडायचं. पण कुठल्या वाटेनं धाडायचं, आधी की मागून, हे जुन्या पद्धतीत प्रत्येक डबा आपल्या डोक्यानं ठरवायचा. फार तर शेजारच्या डब्याला विचारायचा, शेजारचा त्याच्या शेजारच्याला. सगळी वाट एकालाही दिसत नसे. त्यामुळं नियम एक असला तरी तो नऊ ठिकाणी लिहावा लागे. सोलापुरात बसून लांबूनही लिहिता यायचा, पण एक अक्षर चुकलं की डबा आतून कडी लावून बसायचा, मग कितीही दार वाजवा. म्हणून जोतीराम मोटारसायकल काढायचा. वेळापूर एक दिवस, जेऊर एक दिवस, पावसाळ्यात दोन.

आणखी एक खोड. डब्याला आठवणी दोन, एक कच्ची, एक पक्की. आपण लिहिलेला नियम कच्च्या आठवणीत जातो आणि लगेच चालू होतो, म्हणून माणूस खूश. पण शेवटी 'सेव्ह' म्हणजे पक्कं करायचा हुकूम दिला नाही, तर वीज गेल्याबरोबर डबा नवा नियम साफ विसरतो आणि जुन्याच वळणावर जातो. हे जगातल्या सगळ्या डबेवाल्यांना ठाऊक असतं आणि आयुष्यात एकदा तरी सगळे विसरतात.

त्या नवरात्रात जोतीराम नऊ गावं एकच नियम लिहीत फिरत होता, की उपकेंद्रातून येणारा ईसीजी सर्वांत आधी, बाकी सगळं मागून. वळसंगची पाळी आली ललितापंचमीला. तिथला शिपाई शिवप्पा हा गप्पांचा माणूस. निम्मं मराठी, निम्मं कन्नड, आणि दोन्हींच्या मधे चहा. जोतीराम लिहितोय, शिवप्पा त्याच्या म्हशीची गोष्ट सांगतोय, म्हैस व्याली, चहा संपला, जोतीराम लॅपटॉप मिटून उठला.

चार दिवसांनी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारं विसावतात हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. ज्याच्यावर पोट चालतं ते यंत्र थांबवायचं, पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. शिवप्पानं वजनकाटा पुसला, रक्तदाबाचं यंत्र पुसलं, आणि हाही दवाखान्याचं हत्यारच म्हणून डब्याची पिन काढली. धुतला नाही हे नशीब. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, थोड्या वेळानं पिन परत लावली.

दुपारी दोनच्या सुमारास त्याच शिवप्पाच्या छातीत कळ आली. तो दवाखान्यातच होता, म्हणजे तसा नशिबाचा. डॉक्टरीणबाईंनी लगेच ईसीजी काढला आणि सोलापूरला धाडला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्यांच्या हाताशी होतं, पण मोठ्या डॉक्टरांनी पट्टी बघून हो म्हटल्याशिवाय ते द्यायचं नाही असा मंडळाचा दंडक. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. त्याच लाइनीवरून अक्कलकोटकडचे एक्स-रे सोलापूरला चालले होते आणि ईसीजी त्यांच्यामागं रांगेत उभा. शेवटी बाईंनी फोनवर फोटो काढून धाडला, तिकडून हो आलं. तोवर बावीस मिनिटं गेली होती. शिवप्पा वाचला, पण काळजाचा एक कोपरा निकामी झाला तो झालाच. आता त्याला पाण्याची घागर उचलवत नाही. मंडळानं त्याला बसून करायचं काम दिलं, आणि त्याची बायको कमलम्मा कडक भाकऱ्या करून विकू लागली.

जोतीरामला हे रात्री फोनवर कळलं. दसऱ्याच्या सकाळी तो सोनं वाटायच्या आधी वळसंगला पोचला. डब्यावर हळदकुंकवाची बोटं बघितली आणि त्यानं ओळखलं. डबा बंद झाला होता. म्हणजे आपण पक्कं केलं नसलं, तर याला काहीच आठवत नसणार! आणि इथं त्यानं अस्सल वायरमनची चूक केली. ठिणगी दिसली की आधी विझवायची, मग कारण शोधायचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. आत काय आहे ते न बघताच त्यानं तोच नियम पुन्हा लिहिला आणि या वेळी दोनदा पक्का केला. लॅपटॉप मिटताना त्याच्या ध्यानात आलं की जिथं उत्तर होतं त्याच्यावरच आपण लिहून बसलो.

पक्कं केलं होतं की नाही? त्या दिवसापासून हा प्रश्न त्याच्यासोबत जेवायला बसू लागला. ललितापंचमीची दुपार त्यानं हजारदा आठवून बघितली. म्हैस आठवायची, चहातलं आलं आठवायचं, पण ते एक बोट बटणावर पडलेलं काही केल्या आठवायचं नाही. मन चिंती ते वैरी न चिंती. दर महिन्याला तो काही ना काही निमित्त काढून वळसंगला जायचा, डब्यासमोर उगाच बसायचा आणि येताना कमलम्माकडून तीस-तीस भाकऱ्या विकत आणायचा. प्रेमलाच्या फळीवर भाकऱ्यांची चळत कपाळाला लागायला आली. "आपण दोगं मानसं," ती म्हणायची, "का लष्कर जेवायला येणार हाय?"

अशात मंडळानं नवी पद्धत आणायचं ठरवलं आणि श्रावणी रुजू झाली. सव्वीस वर्षांची, सोलापूरचीच, पुण्यातली नोकरी सोडून आलेली. बोलणं तडतड, पण मनात काही ठेवायची नाही. पहिल्याच दिवशी तिनं जोतीरामला 'काका' केलं आणि त्यानं तिला 'मॅडम'.

पद्धतीचं नाव सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंग. नाव ऐकून कारकून मंडळींनी मान डोलावली आणि विषय सोडून दिला. जोतीरामनं मात्र श्रावणीला अर्धा दिवस पिडलं आणि रात्री प्रेमलाला जेवताना समजावलं.

"लग्नातली पंगत बग," तो म्हणाला. "आमचं आजवर कसं हुतं? दहा वाढपी, आन् परतेक जण आपल्याच मनानं चालतोय. एकानं भात वाढला तितंच दुसरा भात वाढतोय, आन् तिकडच्या कोपऱ्यातला पावना पानावर हात वाळवत बसलाय. आता काय करायचं, एक कारभारी उंचावर हुबा करायचा. त्याला सगळ्या पंगती दिसत्यात. तो म्हणणार, तू हिकडं ये, तिसऱ्या रांगंला आमटी ने. वाढप्यानं डोकं चालवायचं न्हाय, नुसतं वाढायचं."

"मग वाढप्याला काय किंमत ऱ्हायली?"

"त्याचे हात भरभर चालत्यात, हीच किंमत. आन् उद्या मेनू बदलला तर दहा जणांच्या कानात सांगत फिरायचं न्हाय. एकदा कारभाऱ्याला सांगितलं की झालं."

"आन् कारभाऱ्यालाच डुलकी लागली म्हंजे?"

हाच प्रश्न जोतीरामनं दुपारी विचारला होता, त्यामुळं तो खुशीत आला. कारभारी दोन असतात, एक पडला तर दुसरा उभा. आणि दोघंही पडले, तरी शेवटचं काय सांगितलं होतं ते डब्यांच्या ध्यानात असतं, तेवढ्यावर पंगत चालू राहते. फक्त नवा हुकूम निघत नाही. म्हणजे डब्यातलं डोकं काढून एका जागी ठेवायचं आणि डब्याकडे नुसते हात ठेवायचे, एवढीच ती गोष्ट.

मंडळाला याची निकड का, हेही उघड होतं. आणखी तीन उपकेंद्रं निघायची होती. पेशंटची कागदपत्रं एका वाटेनं आणि बाहेर बसलेल्या नातेवाइकांचं वायफाय निराळ्या वाटेनं, दोघांची गाठ पडता कामा नये, असा वरून आग्रह होता. असला एक बदल नऊ गावांत करायला जोतीरामला पंधरा दिवस लागत. नव्या पद्धतीत तो सोलापुरात एकदा लिहिला की चहा थंड व्हायच्या आत बाराही ठिकाणी पोचणार. शिवाय कुठं काय अडलंय ते एका पडद्यावर दिसणार. आजवर अडलेलं दिसायचं ते फक्त फोन वाजला की.

आता सगळ्यांना वाटलं की जोतीराम नोकरीच्या भीतीनं कोमेजणार. सचिवांनी त्याला केबिनमध्ये बोलावून चार वेळा सांगितलं, "सलगर, तुमची जागा पक्की आहे." पक्की हा शब्द ऐकला की याचा चेहरा आणखी पडायचा. सचिव गोंधळले.

खरी गोष्ट अशी की पहिल्याच बैठकीत श्रावणी सहज बोलून गेली होती, "जुन्या राउटरमधलं सगळं आधी ओढून घेऊ. काही वाया जाणार नाही. हे मॉडेल दर वेळी सेव्ह केलं की आधीची प्रत तारखेसकट बाजूला ठेवतं. बसवणाऱ्यांनी ती सोय चालू करून ठेवलीय."

जोतीरामच्या हातातली बशी कलली. आपण पुसलं असं तीन वर्षं वाटत होतं, ते उत्तर वळसंगच्या डब्यात तारीख-वेळेसकट बसून होतं. आता ते निघणार, पडद्यावर येणार आणि ही पोरगी ते मोठ्यानं वाचणार. चोराच्या मनात चांदणं! इकडं त्याला जाणून घ्यायचं होतं, तिकडं काहीही करून जाणून घ्यायचं नव्हतं.

शनिवारी तो वळसंगला गेला. डब्याच्या पाठीमागं एक बारीक भोक असतं. त्यात टाचणी घालून दहा आकडे मोजले की डबा कोरा होतो, नवा करकरीत, आईच्या पोटातून आल्यासारखा. टाचणी त्यानं घरूनच आणली होती, प्रेमलाच्या शिवणाच्या डब्यातली. त्यानं ती भोकापाशी नेली. सोमवारी श्रावणीला सांगायचं, वीज आली-गेली, डबा गेला. डबे जातात. कुणीही संशय घेतला नसता.

"काय करायलाव, अण्णा?" दारात शिवप्पा उभा होता. जिना चढल्यासारखा धापा टाकत, आणि आलेला होता फक्त ओसरीवरून.

"काय न्हाय. धूळ."

"बर्री, या, भाईर बर्री. कमलम्मानं ताक धाडलंय. शेंगाची चटणी बी बांधून ठिवलीय तुमाला."

शिवप्पा दर खेपेला असंच काहीतरी द्यायचा आणि जोतीराम ते शरमेनं घ्यायचा. ज्याचं आपण वाटोळं केलं तोच आपल्याला ताक पाजतो! त्यानं ते ताक कसंबसं गिळलं. टाचणी शर्टाच्या कडेला खोचली आणि परत आला. कोरा केला असता तर जन्मभर पुन्हा तोच प्रश्न आणि वर हे पाप, एवढं त्याला त्या ताकाच्या पेल्यापाशीच उमगलं होतं. जे असेल ते असेल. कळू दे एकदा.

सोमवारी दुपारी श्रावणी पडद्यासमोर बसली आणि एकेक डबा ओढू लागली. जोतीराम तिच्या खुर्चीमागं उभा होता. बस म्हटलं तरी बसेना. जेऊर झालं, वेळापूर झालं. वळसंग आलं.

"काका, ही एक गंमत बघा," ती म्हणाली. "ईसीजीचा नियम तुम्ही इथं तीनदा सेव्ह केलाय. आधी एकदा आणि पाच दिवसांनी लागोपाठ दोनदा. अक्षर न् अक्षर तेच. का हो?"

जोतीरामच्या कानांत शिट्टी वाजायला लागली. "पयली तारीख वाचा, मॅडम. परत एकदा."

तिनं वाचली. त्यानं बोटांवर मोजलं. दसऱ्याच्या मागं नवमी, अष्टमी, सप्तमी, षष्ठी, ललितापंचमी. अंगठा करंगळीवर येऊन थांबला. "टाइम काय हाय?"

"सोळा अकरा. चार वाजून अकरा मिनिटं."

चहा, म्हैस आणि चार वाजून अकरा मिनिटं. पक्कं केलं होतं! हात आपल्या सवयीनं चालला होता आणि डोकं म्हशीत होतं, म्हणून डोक्याला आठवत नव्हतं. जोतीराम खुर्ची न शोधता खाली फरशीवरच बसला. श्रावणी घाबरून पाणी आणायला धावली. पाणी पिता पिता तो रडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं ऑफिसात रडू नये असं त्याला जराही वाटलं नाही. मग त्यानं तिला सगळं सांगितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही अशा पोरीला, जिला नोकरीला लागून महिना झाला होता.

तिनं नीट ऐकून घेतलं. मग तिच्या स्वभावाप्रमाणं जिथं बोट ठेवायला नको तिथंच ठेवलं. "पण काका, नियम होता, तर मग बावीस मिनिटं का लागली?"

जोतीरामचा जीव पुन्हा टांगणीला लागला. पण या खेपेला तो पळाला नाही. "बगू या की," म्हणाला.

जुनी लाइन अजून चालू होती. श्रावणीनं नव्या कारभाऱ्याकडून वळसंगच्या डब्याला हुकूम दिला, की 'तातडीचं' असा शिक्का मारून शंभर पाकिटं सोड. आणि सोलापूरच्या डब्याला सांगितलं, आलेल्या प्रत्येक पाकिटावर काय दिसतं ते मला कळव. दोन्ही बाजू एका पडद्यावर शेजारी शेजारी आल्या. तिकडून निघालेल्या शंभरांवर शिक्का होता. इकडं पोचलेल्या शंभरांवर एकही नव्हता.

वाटेत एका टॉवरवर लाइन देणाऱ्या कंपनीचा डबा होता. तो मंडळाच्या मालकीचा नव्हता, त्याच्यात डोकावायची कुणाला सोयही नव्हती. तो येणाऱ्या प्रत्येक पाकिटावरचा शिक्का पुसून त्याला रांगेत लावत होता. लबाडीनं नव्हे. शिक्का पाळायचा असं करारात कुणी लिहिलंच नव्हतं.

"वळसंगच्या राउटरला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मी शिक्का मारला," श्रावणी म्हणाली. "सोलापूरचा म्हणाला असता, मला साधंच पाकीट मिळालं. दोघंही खरं बोलत होते, काका. दोघांना समोरासमोर उभं करणारं कुणी नव्हतं."

त्याच आठवड्यात तिनं आणि जोतीरामनं मिळून नवा नियम लिहिला. आता शिक्क्यावर भिस्त नाही. वळसंगहून वाटा दोन, एक जुनी लाइन आणि एक मोबाइलच्या सिमची. कारभारी दोन्ही वाटा दर काही सेकंदांनी मोजतो आणि ईसीजी निघाला की त्या घडीला जी मोकळी असेल तिच्यावर घालतो. नियम लिहून झाल्यावर जोतीरामनं सवयीनं विचारलं, "आन् पक्कं?" श्रावणी हसली. पक्कं वेगळं करावंच लागत नव्हतं. लिहिलं की पक्कंच.

नियमाचं हे मागून झालं. मंगळवारी सकाळी जोतीराम वळसंगला निघाला, तो डब्यासाठी नव्हे, शिवप्पासाठी. खरं तर आता सांगायची काही गरज नव्हती. चूकच नव्हती तर कबुली कसली? पण तीन वर्षं ज्याच्या तोंडाकडे धड बघितलं नाही, त्याच्या तोंडाकडे एकदा बघावंसं त्याला वाटत होतं.

शिवप्पा उपकेंद्राच्या पायरीवर बसला होता. जोतीरामला बघून त्यानं उठायची घाई केली.

"कुंद्री अण्णा, बसा. ताक सांगतो."

"ताक ऱ्हाऊ दे. तू बस. आन् मी बोलतोय तवर मधी बोलू नगंस."

जोतीरामनं पायरीवर बसून सगळं सांगितलं. कच्ची आठवण, पक्की आठवण, ललितापंचमी, टाचणीसुद्धा. मधल्या टॉवरवरचा डबा शिक्का पुसत होता हे सांगितलं. शिवप्पा खाली मान घालून ऐकत होता. मधेच त्याचा चेहरा पांढरा पडला.

"अण्णा," तो शेवटी म्हणाला, "त्या दिशी डबा मी बंद केलतो. खंडेनवमीचा."

"ठावं हाय की मला. हळदकुकू बगितलं हुतं मी दुसऱ्या दिशी."

"ठावं हुतं? तीन वर्सं?" शिवप्पाचा आवाज चिरकला. "आन् कुनाला बोलला न्हाय?"

"त्यात बोलायचं काय? डबा मिनिटभर बंद केला म्हनून काय बिगडत न्हाय. नीट लिवलं आसलं तर सुरू झाल्या झाल्या सगळं आटवतं त्याला. चूक आसली तर माझी, आसं मी धरून चाललो हुतो."

 शिवप्पा बांध फुटल्यासारखा बोलायला लागला. "मी म्हनलं, यंत्राची पूजा कराया गेलो आन् यंत्रच बिगाडलं. आन् माझीच पट्टी त्यात अडाकली. दुसऱ्या कुनाची अडाकली आसती तर? कमलम्माला सुदा सांगितलं न्हाय म्या. तुमी दर म्हैन्याला याचाव, त्या डब्याफुडं बसाचाव, बोलाचाव न्हाय. मला वाटायचं, अण्णा चौकशी करायलेत. ह्या म्हैन्याला सापडतंय, फुडच्या म्हैन्याला सापडतंय. नोकरी गेली तर हे आसलं शरीर घिऊन जाऊ कुटं? म्हनून ताक, म्हनून चटणी. लाच हुती ती, अण्णा."

जोतीराम त्याच्याकडे बघतच राहिला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. इथं दोन भित्रे एकमेकांचेच ब्रह्मराक्षस होऊन बसले होते आणि वर एकमेकांचा पाहुणचार करत होते.

"मंजे तुमचं बी चुकलं न्हाय?"

"न्हाय."

"माझं बी न्हाय?"

"तुजं बी न्हाय, शिवप्पा."

"हौदा? खरंच?"

"व्हय."

शिवप्पानं हळूच आपला उजवा हात छातीवर ठेवला आणि तो तसाच दाबून धरला. जोतीराम तटकन उठला. "काय हुतंय? दुकतंय का? बाईंना बोलवू?"

शिवप्पानं दुसऱ्या हातानं त्याला खाली बसवलं. काहीतरी ऐकत असल्यासारखा तो थोडा वेळ थांबला.

"तुमची गाडी वाजली की हितं धडधड सुरू व्हायची," तो म्हणाला. "दर म्हैन्याला. बाईंनी दोन बार गोळी वाडवली. म्हनल्या, शिवप्पा, हार्टचं हाय, जपाया पायजे." मग त्यानं जोतीरामकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडावर हसू आलं. "आता तुमी म्होरं बसलाव, आन् धडधड न्हाय. हार्ट न्हवतं ते, अण्णा. तुमी हुताव."

जोतीराम हसायला लागला आणि त्याला थांबताच येईना. शिवप्पाही हसत होता, छातीवरचा हात तसाच ठेवून, हळूहळू, जपून. आवाज ऐकून कमलम्मा पिठाच्या हातानं बाहेर आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. दोघांपैकी एकालाही तिला धड सांगता येईना.